०.८ मिलिमीटर: एक जुनी बुलेट, तीन काळांचे पेट्रोल आणि तारीख नसलेली टीप

#धागा #इतिहास #परभणी

१/ जुने इंजिन पूर्ण उघडले, नव्याने बांधले, प्रत्येक माप कंपनीच्या पुस्तिकेबरहुकूम लावले. तरीही ते नीट चालत नाही. असे का होते? प्रश्न गॅरेजातला वाटेल, पण त्याचे उत्तर शोधताना मला इतिहासाच्या वर्गात शिकलेली साधनचिकित्साच कामी आली. आजचा धागा एका बुलेटविषयी, तिच्या टाकीत बदलत गेलेल्या पेट्रोलविषयी आणि पेन्सिलीने लिहिलेल्या एका टिपेविषयी. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

२/ गाडी आमच्या मोठ्या काकांची. ३५० सीसी, सत्तरच्या दशकाच्या अखेरची. मानवत, पाथरी, गंगाखेड असा त्यांचा सारा व्यवहार याच गाडीवर झाला. २०२१ मध्ये काका गेले. त्याच्याही आधीपासून गाडी ओसरीत उभी होती. मागील वर्षी चुलतभावाने आणि मी तिचे इंजिन बांधून घ्यायचे ठरवले. परभणीतील एका वयस्कर मिस्त्रींनी काम हाती घेतले आणि आम्हा दोघांना हाताखाली ठेवून घेतले. नवा पिस्टन, नव्या रिंगा, रिबोअर, घासून बसवलेले व्हॉल्व्ह. डिसेंबरात इंजिन तयार झाले.

३/ पहिल्या सकाळी ते सुरू झाले, पण लक्षणे ठीक नव्हती. थ्रॉटल उघडताच कार्बोरेटरमधून उलटी शिंक येई. स्लोवर इंजिन टिकत नसे. चढावर जोर नाही. चार किलोमीटरवर एक्झॉस्ट पाइप निळा पडला. आम्ही घाबरून स्क्रू फिरवू लागलो, तेव्हा मिस्त्रींनी हात धरला. म्हणाले, “आधी दाब बघा, मग ठिणगी, आन् पेट्रोल शेवटी. तिन्ही एकदम हलवलं तर दोष कुठं होता ते कधीच कळायचं नाही.” एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा पहिला धडा.

४/ आता गाडीची पार्श्वभूमी. ‘बुलेट’ हे नाव इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्डने १९३२ मध्ये प्रथम वापरले. आपण ओळखतो ती ३५० सीसी बुलेट मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९४९ च्या सुमाराची. भारतीय सैन्याला सीमेवरील गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती. ती मागणी या गाडीने पुरी केली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी होऊन एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि १९५६ पासून मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथे गाड्या तयार होऊ लागल्या.

५/ १९७० मध्ये इंग्लंडमधील उत्पादन थांबले. मद्रासमध्ये मात्र तेच इंजिन मूळ आराखड्यात फार मोठे बदल न होता पुढे अनेक दशके बनत राहिले. म्हणजे काकांनी घेतलेली गाडी सत्तरच्या दशकातली असली, तरी तिच्या इंजिनाचा विचार पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या इंग्लंडमधला होता. वस्तू ज्या साली तयार झाली, ते साल आणि तिच्यामागील कल्पनेचे साल यांत असे अंतर असू शकते. शिलालेख वाचताना आपण हा भेद करतो. यंत्र वाचतानाही करावा लागतो.

६/ उदाहरण पाहा. आमच्या पुस्तिकेत कॉम्प्रेशन रेशो ६.५ : १ असा आहे. आजच्या मोटारसायकलींच्या मानाने हा आकडा फारच कमी. इतका कमी का? युद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, ब्रिटनने कंपन्यांचे निरनिराळे पेट्रोल बंद करून सर्वांचे एकत्रित ‘पूल’ पेट्रोल सुरू केले. ते १९५३ पर्यंत चालले. त्याचा ऑक्टेन अंक सुमारे ७०-७२ होता. असे पेट्रोल जास्त दाबले, तर ते ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता आपोआप भडकते आणि इंजिन ठोकू लागते.

७/ म्हणून अभियंत्यांनी दाबच कमी ठेवला. तो निर्णय ब्रिटनच्या युद्धकालीन टंचाईचा होता, पण लाभला आपल्या खेड्यांना. जसे मिळेल तसे पेट्रोल, उन्हाळा, बैलगाडीच्या चाकोरीचे रस्ते, हे सारे बुलेटने सोसले, त्यामागे हा कमी दाब मोठे कारण होता. ६.५ या आकड्यात रेशनिंगच्या काळातील इंग्लंड दडलेले आहे. पुस्तिका ते सांगत नाही. ती केवळ आकडा देते.

८/ आता मिस्त्रींच्या क्रमाने. पहिला दाब. किकवर सावकाश वजन देऊन उभे राहिलो. पिस्टन वजन तोलून धरत होता आणि हळूहळू खाली जात होता. रिंगा बसायला अजून काही शे किलोमीटर लागतील, पण दाब पुरेसा. मग टॅपेट. थंड इंजिनात पुशरॉड दोन बोटांनी फिरावा, पण वर-खाली हलू नये, असा बुलेटचा नियम आहे. एक पुशरॉड घट्ट होता. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. तो सैल केला. शिंक थोडी कमी झाली, गेली नाही.

९/ दुसरी ठिणगी. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट ही जोडी चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने १९१० च्या कॅडिलॅक मोटारीसाठी व्यवहारात आणली. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून वीज वाहते. ते उघडताच प्रवाह तुटतो आणि त्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. म्हणून सारा प्रश्न ‘पॉइंट कोणत्या क्षणी उघडतात’ एवढाच. केटरिंग हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते दुसऱ्या कारणाने येणार आहे.

१०/ जुन्या बुलेटस्वारांना हा क्षण डोळ्यांनी दिसत असे. हेडलाइटच्या डोक्यावर ॲमीटर असतो. किल्ली फिरवली आणि पॉइंट मिटलेले असले, की काटा उणेकडे झुकतो. किक हळूहळू दाबत नेली, की पॉइंट उघडतात आणि काटा मध्यावर येतो. मग डीकॉम्प्रेसरची कळ ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, कळ सोडायची आणि किक मारायची. काका हे सारे एका श्वासात करीत. लहानपणी मला तो एखादा विधी वाटे. प्रत्यक्षात ते मापन होते.

११/ पुस्तिका सांगते: पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी ०.८ मिलिमीटरवर पॉइंट उघडावेत. प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक सोडून आणि पॉइंटमध्ये सिगारेटच्या वेष्टनाचा पातळ कागद धरून आम्ही ते माप लावले होते. पॉइंट उघडताच कागद सुटतो. (भोक तिरपे असल्याने स्पोकचे माप थोडे चुकते, हेही ध्यानात ठेवावे.) आकडा बरोबर, कृती बरोबर. मग पाइप निळा का पडला?

१२/ मिस्त्रींनी पुस्तिका हातात घेतली आणि त्याच वाक्याच्या शेपटावर बोट ठेवले: ‘पूर्ण रिटार्ड अवस्थेत’. वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडावी म्हणून पॉइंटच्या मागे दोन वजने आणि दोन स्प्रिंगांचे यंत्र असते. इंजिन थांबले की स्प्रिंगांनी वजने आत ओढावीत. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत जुने ग्रीस वाळून घट्ट झाले होते. वजने बाहेरच अडकली होती. आम्ही ०.८ हे माप पूर्ण ॲडव्हान्स अवस्थेत लावून बसलो होतो.

१३/ याचा परिणाम असा, की वेगात असतानाही ठिणगी फार उशिरा पडत होती. पेट्रोलचे जळणे पिस्टन खाली निघाल्यावरही चालू राही. त्याची उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाई. निळा पाइप आणि गेलेला जोर, दोन्हींचे कारण एकच. वजने रॉकेलने धुतली, हलके तेल दिले, पुन्हा टायमिंग लावले. जोर परतला. आकडा आम्ही खरा उद्धृत केला होता, पण त्याची अट गाळली होती. अर्धे वाक्य उद्धृत करणाऱ्याला आपण इतिहासात काय म्हणतो, ते सांगायला नको.

१४/ तिसरे पेट्रोल. कार्बोरेटर उघडला. स्लोच्या जेटमध्ये वर्षानुवर्षांचे पेट्रोल उडून जाऊन लाखेसारखा थर बसला होता. तो साफ करताच स्लो टिकू लागला. पण थंड सकाळी थ्रॉटल उघडताना येणारी शिंक कायम. चोक किंचित ओढला की ती थांबे. ही महत्त्वाची खूण: चोक ओढल्याने सुधारते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. जोडावरून हवा शिरते का, तेही पाहिले. तिथे दोष नव्हता. प्लगचे टोक पांढरे होते. मिश्रण पातळ, हे नक्की झाले.

१५/ इथे आम्ही अडलो, कारण कार्बोरेटरची सुई आम्ही सर्वांत विश्वासार्ह साधनावरून लावली होती. काकांच्या पुस्तिकेत, कार्बोरेटरच्या पानाच्या समासात, त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते: ‘सुई एक खाच खाली. उत्तम.’ शेजारी एक आकडा: ३१४१२. तारीख नाही. स्वतः मालकाची टीप, त्याच गाडीवरची, त्याच परभणीतली! याहून जवळचे साधन कोणते? सुई खाली म्हणजे मिश्रण पातळ. आम्ही ती मुकाट्याने खाली लावली होती.

१६/ ही टीप कुठे चुकली, हे कळण्यासाठी पेट्रोलचा इतिहास पाहावा लागतो. केटरिंगच्या कॉइल-पॉइंटच्या मोटारी ठोकू लागल्या, तेव्हा दोष त्यांच्या ठिणगीला दिला गेला. कारण शोधण्याचे काम त्यांनी थॉमस मिजली या सहकाऱ्याकडे दिले. दोष इंधनाचा निघाला. मग ठोकणे थांबवणाऱ्या द्रव्याचा शोध सुरू झाला आणि त्यात अल्कोहोल उत्तम ठरत होते. १९२१ च्या ऑक्टोबरात मिजलींनी ३० टक्के अल्कोहोल मिसळलेल्या इंधनावरची मोटार अभियंत्यांना दाखवलीही होती.

१७/ त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांना शिशाचे संयुग सापडले: टेट्राएथिल लेड. ते अगदी थोडे लागे आणि त्यावर एकस्व घेता येई. अल्कोहोल कोणीही शेतमालापासून गाळू शकत होता. त्यावर मक्तेदारी शक्य नव्हती. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार मरण पावले, तरी जगभरच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळले गेले. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आले. देशभर ते सक्तीचे झाले १ फेब्रुवारी २००० पासून.

१८/ म्हणजे काकांची बुलेट तिच्या पहिल्या वीस वर्षांत शिशाच्या पेट्रोलवर चालली. ते शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर देऊन तिची झीजही रोखत असे. आता बैठक हळूहळू झिजू शकते आणि व्हॉल्व्ह आत सरकून पुशरॉड घट्ट होऊ शकतो. म्हणून जुन्या इंजिनाचे टॅपेट पूर्वीपेक्षा वारंवार पाहावेत. अर्थात, शिसे गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचे परिणाम सिद्ध झालेले आहेत.

१९/ आणि मग १९२१ मध्ये मागे पडलेले अल्कोहोल परत आले, तेही आपल्या दारी. भारतात इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये झाले. तीनपैकी दोन ठिकाणे महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. मनमाड म्हणजे निजामाच्या काळापासून परभणीशी रेल्वेने जोडलेले गाव. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा.

२०/ हे इथेनॉल येते ऊस, मळी आणि धान्यापासून. अलीकडे मक्यापासूनही मोठ्या प्रमाणावर. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. १९७६ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले आणि ज्या भागात ज्वारी-कापूस होता, तिथे कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला. मराठवाड्याच्या पाण्यावर त्याचा किती भार आहे, हा वेगळा आणि गंभीर विषय. इथे एवढेच, की त्या कालव्याचा एक परिणाम आज आमच्या कार्बोरेटरच्या जेटमधून वाहतो.

२१/ जेटला याचे काय? निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ पट. म्हणजे जुन्या जेटमधून पूर्वीइतकेच इंधन येत राहिले, तर मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ पडते. शिवाय इथेनॉलची वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. थंड इंजिनात ती नसते. नव्या गाड्यांत संगणक इंधन वाढवून घेतो. १९४९ च्या आराखड्यात ते काम माणसाचे आहे.

२२/ पण यामुळे काकांची टीप खोटी ठरत नाही. ती कधीची, एवढाच प्रश्न उरतो. मराठ्यांच्या कागदपत्रांत असे शेकडो वेळा घडते: पत्रावर ‘छ’ म्हणून चंद्र व महिना असतो, साल नसते आणि संशोधकाला ते मजकुरावरून ठरवावे लागते. टिपेशेजारचा ३१४१२ हा आकडा मला किलोमीटरचा वाटला. काका पेट्रोलचा हिशेब डायरीत तारीख आणि किलोमीटरसह लिहीत. जुन्या ट्रंकेत डायऱ्या सापडल्या. ११ मे १९८६: ३१३९०. १७ मे १९८६: ३१५२६.

२३/ टीप या दोन तारखांमधली. परभणीचा मे! ४५ अंशांची हवा ८ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते. हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही, म्हणून मिश्रण दाट होते आणि इंजिन घुसमटते. काकांनी सुई खाली केली, ते अगदी योग्य केले. मे महिना आणि इथेनॉल नसलेले पेट्रोल, या दोन अटी त्यांना लिहाव्याशा वाटल्या नाहीत, कारण त्यांच्यासाठी त्या आजूबाजूला होत्याच. आम्ही तीच टीप डिसेंबरच्या थंडीत, इथेनॉलच्या पेट्रोलवर लावली. पातळ मिश्रण तिहेरी पातळ झाले.

२४/ उपाय साधा होता. सुई मधल्या खाचेवर आणली, मग आणखी एक खाच वर. शिंक गेली. पूर्ण थ्रॉटलवर अजून थोडे पातळ वाटत होते, म्हणून मुख्य जेट एक आकार मोठा घातला. वसमत रस्त्यावर थोडे अंतर नेऊन, वेगातच इंजिन बंद करून प्लग काढला: टोक फिकट तपकिरी. शेवटी इंजिन पूर्ण गरम असताना हवेच्या स्क्रूने स्लो लावला. प्रत्येक पायरीनंतर एक फेरी, एका फेरीत एकच बदल.

२५/ ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी दोन सूचना. इथेनॉल जुन्या रबराला आणि फ्लोटच्या काही वस्तूंना फुगवते. पेट्रोलची नळी, वॉशर, सील इथेनॉल सोसणारी घ्या. ते हवेतील ओलही शोषते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. आणि मे महिन्यात दुपारी इंजिन घुसमटू लागले, तर काकांची टीप आठवा. तिचा काळ तेव्हा काही अंशी परत आलेला असेल.

२६/ मिस्त्रींना मी डायरीची हकिकत सांगितली. ते म्हणाले, “तुमच्या काकांनी चूक केली नाही. त्यांनी स्वतःसाठी लिहिलं होतं, तुमच्यासाठी नव्हे.” साधनचिकित्सेवरील माझ्या सर्व टिपणांत इतके नेमके वाक्य नाही. बखर असो, शकावली असो, वा समासातील पेन्सिल. लिहिणाऱ्याने कोणासाठी लिहिले आणि काय गृहीत धरले, हे कळेपर्यंत त्याचा आकडा वापरू नये.

२७/ काकांची टीप आम्ही खोडली नाही. तिच्या खाली ‘मे १९८६, शिशाचे पेट्रोल’ असे लिहिले. त्याखाली आमची: तारीख, परभणी, सकाळचे तापमान ९ अंश, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, सुई मधल्या खाचेहून एक वर, मुख्य जेट एक आकार मोठा. पुढे ही गाडी कोणाच्या हाती जाईल, तेव्हा टाकीत कोणते इंधन असेल, ठाऊक नाही. पण आमचा आकडा कोणत्या दिवसाचा होता, एवढे त्याला कळेल.

२८/ तुमच्या घरी जुनी गाडी, शिवणयंत्र, पाण्याचे इंजिन यांची पुस्तिका असेल, तर समास तपासा. टिपा असतील आणि लिहिणारे माणूस अजून आपल्यात असेल, तर आजच बसून विचारा: हे कधी लिहिले? आम्हाला ते विचारता आले नाही. धागा समाप्त.